कै. गणपतराव खुडे यांची लग्नपत्रिका

गणपतराव खुडे वारले, त्यानंतर सात महिन्यांनी ते स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमच्या ऑफिसात आले.

सकाळचे अकरा वाजले होते. मी खिडकीपाशी बसून दूध संकलनाच्या पावत्यांवर शिक्के मारत होतो. खिडकीतून एक इस्त्रीची टोपी आत आली, तिच्याखाली एक हसरा, नुकती दाढी केलेला चेहरा.

"बाजीराव खुड्याचा सायेब कोन हाय हितं?"

"आपण कोण?"

"मी त्येचा बाप."

मी शिक्का स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतला. मेलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं. त्यात हा साधा मेलेला माणूस नव्हता, हा मी मारलेला माणूस होता.

"बसा," मी म्हणालो. "पाणी घेणार?"

"पानी नगं. सायबाला पत्रिका द्यायची हाय. बाज्याला रजा मिळंना म्हनं. म्हनलं, आपुनच जाऊन सांगावं."

मी त्यांना बाकावर बसवलं. बसल्यावर लक्षात आलं की बाक नोटीस बोर्डाच्या बरोबर समोर आहे, आणि नोटीस बोर्डावर त्यांच्या मृत्यूची झेरॉक्स लावलेली आहे.

आता हे कसं झालं ते सांगतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि वडजाई तालुका सहकारी दूध संघात हंगामी लिपिक होतो. खरं तर मी कथालेखक होतो, पण हे फक्त मला आणि पोस्टमनला माहीत होतं. दिवाळी अंकांकडून माझ्या कथा 'साभार परत' येत, आणि त्या परत आणून देण्यात पोस्टमनला दिवसेंदिवस जास्त गोडी वाटू लागली होती. मात्र संघात माझं लिखाण चालायचं. टँकरचे ड्रायव्हर, लॅबमधले लोक, पॅकिंगवाले, सगळे रजेचे अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचे. आजी वारली, मामा अत्यवस्थ, बायकोला चक्कर. वर्षभर हे सुरळीत चाललं. मग आस्थापना अधिकारी म्हणून शहापूरकर साहेब आले.

शहापूरकर साहेब आधीच्या गावी एका वाचनालयाच्या कथास्पर्धेचे बावीस वर्षं परीक्षक होते. त्यांनी नऊशे कथा वाचल्या होत्या आणि त्यातल्या आठशेऐंशी नापास केल्या होत्या. माणूस बदली होऊन येतो, पण सवयीची बदली होत नाही. ते प्रत्येक अर्ज पूर्ण वाचत आणि लाल पेनाने शेरा मारत.

'आजीचे निधन पहिल्याच ओळीत उरकल्याने पुढे वाचण्याची उत्सुकता राहत नाही. नामंजूर.'

'अर्जदाराला नेमके काय हवे आहे ते स्पष्ट होत नाही.' हा अर्ज एका दिवसाच्या रजेसाठी होता.

'पोटात दुखत आहे असे सांगितले आहे. सांगू नये, दाखवावे.' यावर लॅबमधले पाटोळे खरोखर दाखवायला गेले. साहेबांच्या टेबलासमोर दहा मिनिटं वाकून उभे राहिले. साहेब म्हणाले, "अभिनय ठीक आहे, संहिता नाही," आणि परत पाठवलं.

शिवाय साहेबांनी एक नोंदवही केली. वर ठळक अक्षरात 'मृत नातेवाईक'. अर्जदार, नाते, निधनाची तारीख, शेरा, असे चार रकाने. पूर्वीच्या सगळ्या फायली काढून त्यांनी ती भरून काढली. पहिल्याच आठवड्यात पॅकिंगच्या सूर्यवंशींना पत्र गेलं: 'आपल्या आजी सतरा मार्च रोजी वारल्या आहेत. पुन्हा वारण्याचे कारण सादर करावे.'

संघात घबराट पसरली. लोकांनी नातेवाईक जपून वापरायला सुरुवात केली.

अशात बाजीराव खुडे माझ्याकडे आले. बाजीदादा टँकर चालवायचे. पस्तिशीचे, आडव्या बांध्याचे, कमी बोलणारे. घराचा स्लॅब टाकायचा होता, नंतर त्यावर पाणी मारायचं होतं. दहा-बारा दिवस तरी पाहिजे होते.

"एवढे दिवस फक्त आई किंवा वडील," मी म्हणालो. संघाचा नियमच होता. आईवडिलांना तेरा दिवस, आजी-आजोबांना तीन, मामाला एक, आणि आत्येला नुसतंच लवकर सोडायचे.

"आई खरीच गेली तीन वर्सांमागं. वहीत हाय तिचं नाव."

"मग?"

बाजीदादांनी टँकरकडे नजर वळवली. "तात्या हायत," ते म्हणाले. "मिरजंला असतात. शाळंत वॉचमन. आमचं बोलनं बंद हाय."

"का?"

"लगीन करायचं म्हनत्यात. साठीत. खानावळवाल्या बाईशी. आई गेल्यापास्नं तिच्याकडंच डबा हाय. डबा खा की म्हनावं, लगीन कशाला." "लिव तात्याचंच. तसंबी मी त्यास्नी बोललो हाय, तुमचं तोंड बगनार न्हाई म्हनून."

मी कागद ओढला. पण शहापूरकर साहेबांना नुसता मेलेला बाप चालणार नव्हता. "मला एक खरी गोष्ट सांगा तात्यांची," मी म्हणालो. "एकच. बाकी मी करतो."

"कसली गोष्ट?"

"कसलीही. खरी पाहिजे."

बाजीदादांनी डोकं खाजवलं. म्हणाले, असं काही नाही. गेले. टँकरपर्यंत गेले आणि परत आले. खिडकीत वाकून, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं, चार वाक्यं सांगून गेले.

मी ती जशीच्या तशी अर्जात घातली:

'माझे वडील कै. गणपतराव खुडे मला सायकलवर मागे बसवून नऊ किलोमीटर शाळेत नेत असत. माझा पाय चाकात जाऊ नये म्हणून ते एक हात मागे करून माझा पाय धरून ठेवत व एका हाताने सायकल चालवीत. चढाला उतरून चालावे लागले तरी पाय सोडत नसत. पाय अजून धरलेला आहे हे त्यांना चढ संपल्यावर कळे. आज तो हात कायमचा सुटला आहे.'

खाली तेरा दिवसांची विनंती.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. शेवटच्या वाक्यावर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'अनावश्यक. आधीच कळले आहे.' मग खाली लिहिलं, 'मंजूर.' तिथवर ठीक होतं. पण बावीस वर्षांत त्यांच्या हातून जेमतेम वीस कथा पास झाल्या होत्या, आणि ही एकविसावी निघाली, त्यामुळे त्यांना राहवेना. त्यांनी अर्ज चेअरमनला वाचून दाखवला. चेअरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारी संघात शोकसभा झाली. शोकठराव झाला. दोन मिनिटं स्तब्धता पाळली, तेव्हा कुणीतरी आदराने शीतकरणाची मोटारही बंद केली आणि ती परत सुरू करायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. आठशे लिटर दूध नासलं.

दुसऱ्या दिवशी अर्जाची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लागली. वर टाइप केलेलं शीर्षक: 'अर्ज कसा असावा.'

माझं छापून आलेलं ते पहिलं साहित्य.

स्लॅब उत्तम पडला. पण बाजीदादा रुजू झाल्यापासून बोर्डासमोरून जाताना मान खाली घालायला लागले. लोकांना वाटायचं, दुःख ताजं आहे.

सात महिने असे गेले. मग गणपतराव पत्रिका घेऊन आले त्याच्या चार दिवस आधी, बाजीदादा पुन्हा माझ्या खिडकीत उभे राहिले.

"दोन दिस रजा पायजे. लग्नाला जायाचं हाय."

"कुणाच्या?"

"तात्याच्या."

"कुठले तात्या?"

"आपलंच."

"जे वारले ते?"

"त्येच."

मी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "त्येंनी निरोप धाडलाय. बाज्या आला तरच हार घालनार, न्हाई आला तर र्‍हाऊ दे म्हनं. ती बाई बी तेच म्हनती. आता माझ्यापायी म्हातारा बिनलग्नाचा र्‍हायाचा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आनि खरं सांगावं तर नोकरी जाती. खोटं मरान दाखवून तेरा दिस रजा. चेअरमन रडल्यात. घरावर कर्ज काढलंय. मगदूम, तूच मारलायस, तूच काय तरी कर."

मी चार दिवसांत सहा अर्ज लिहिले. मेव्हण्याचं लग्न, साडूचं लग्न, मिरजेला टँकरचा सुटा भाग आणायला जाणे. सगळे फाडले. साहेबांचा एक शेरा माझ्या डोक्यात बसला होता. पाटोळेंच्या एका अर्जात ऐन वेळी दूरचा काका हजर झाला होता, त्यावर त्यांनी लिहिलं होतं: 'योगायोगाने संकट यावे, सुटका येऊ नये. जुळा भाऊ, हरवलेला काका इत्यादी आणल्यास अर्ज वाचला जाणार नाही.'

आणि पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता संकट स्वतःच टोपी घालून आलं.

बाजीदादांचा टँकर साडेअकराला यायचा होता. मी गणपतरावांना म्हणालो, "साहेब आज नाहीत. पत्रिका माझ्याकडे द्या."

त्याच क्षणी शहापूरकर साहेब केबिनमधून बाहेर आले.

"कोण आहे मगदूम?"

"कुणी नाही सर. खुड्यांचे चुलते."

"चुलता?" गणपतराव उठून उभे राहिले. "मी बाप हाय त्येचा."

"बापासारखेच आहेत सर. यांनीच सांभाळलं."

"मला भाऊच न्हाई," गणपतराव साहेबांना म्हणाले. "पाच भैनी हायत. ह्ये पोरगं काय बोलतंय?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे बघितलं.

"मगदूम, जुळा भाऊ तर म्हणणार नाही ना तुम्ही?"

"नाही सर," मी म्हणालो. मी तेच म्हणणार होतो.

"आपलं नाव?" साहेबांनी विचारलं.

"गनपतराव ज्योती खुडे. ह्यी पत्रिका. वीस तारखंला हाय. मिरजंच्या गनपतीच्या देवळात. तुमी यायचं सायेब, आनि बाज्याला धाडायचं. दोनच दिस." त्यांनी पत्रिका पुढे केली. कोपऱ्यात हळद-कुंकू लावलेलं होतं.

साहेबांनी पत्रिका घेतली. वराचं नाव वाचलं. मग वळून नोटीस बोर्डाकडे बघितलं. गणपतरावांनीही ते बघतायत तिकडे बघितलं.

पुढची पाच मिनिटं मी आयुष्यात कधी विसरणार नाही, कारण त्या पाच मिनिटांत माझ्या लिखाणाला पहिला वाचक मिळाला. परीक्षक नव्हे, संपादक नव्हे, वाचक.

गणपतराव बोर्डाजवळ गेले. चौथी शिकलेले असावेत. बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागले. "माझे वडील… कै…" बोट 'कै' वर थांबलं. त्यांनी मान वळवून आम्हा दोघांकडे बघितलं. आम्ही दोघांनी जमिनीकडे बघितलं.

"मी गेलो का काय?" त्यांनी विचारलं.

"सात महिने झाले," साहेब म्हणाले.

"कशानं?"

"अर्जात लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "ही उणीव तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती."

गणपतराव पुन्हा वाचू लागले. मला वाटलं आता चिडतील, ओरडतील, पत्रिका परत घेतील. बोट सायकलीपाशी आलं. तिथून ते फार हळू चालू लागलं. एक हात मागे करून. पाय धरून ठेवत. चढाला उतरून. मग बोट थांबलं ते पुढे जाईना. ते तिथेच परत परत फिरत राहिलं, चढाला उतरून, चढाला उतरून, जणू सायकल तिथे अडकली आहे.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी," मी म्हणालो.

"तुला कुनी सांगिटलं?"

"बाजीदादांनी."

"त्यो बोलला असं? तोंडानं?"

"हो."

बोट साहेबांच्या रेघेवर आलं. "ह्ये का खोडलं?"

"गरज नव्हती," साहेब म्हणाले. "आधीच कळलं होतं."

गणपतरावांनी मान हलवली. पटलं असावं.

बाहेर टँकर थांबल्याचा आवाज आला. बाजीदादा सॅम्पलच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन दारात आले. त्यांनी आधी बाप बघितला, मग बोर्ड, मग साहेब, मग मी. क्रेट हातातच राहिला.

"तात्या," ते म्हणाले.

गणपतराव त्यांच्याकडे न बघता बोर्डालाच म्हणाले, "डावा का उजवा?"

"आँ?"

"पाय. कुटला धरायचो मी?"

"डावा," बाजीदादा म्हणाले. "उजवा हात ब्रेकला असायचा तुमचा. उजवा पाय माझा मीच जपायचो."

"बराबर." गणपतराव वळले. "उजव्याची मला लई काळजी असायची."

इतकी वर्षं कमी बोलायची सवय असलेली माणसं, त्यांना पुढे काय करायचं असतं ते येत नव्हतं. शेवटी गणपतरावांनी क्रेटला एका बाजूने हात घातला आणि दोघांनी मिळून तो टेबलावर ठेवला. एकट्याने उचलण्याइतकाच होता तो.

साहेब खुर्चीत बसले. "खुडे," ते म्हणाले, "हा खोटा अर्ज आहे. याच्यावर कारवाई होते. नोकरी जाऊ शकते."

"व्हय सायेब."

"दोन दिवसांची रजा पाहिजे?"

बाजीदादांनी बापाकडे बघितलं. "व्हय सायेब."

"मग अर्ज द्या. कारण लिहून द्या. मगदूम, लिहा. आणि या वेळी काही करू नका."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड परिच्छेद होता तो, कारण त्यात माझं काहीच नव्हतं. 'माझ्या वडिलांचे लग्न आहे. मागील अर्जात ते वारल्याचे मी खोटे लिहिले होते. ते मिरजेत राहतात. त्यांनी मला बोलावले आहे. दोन दिवसांची रजा मिळावी.' बाजीदादांनी सही केली.

साहेबांनी वाचलं. लाल पेन उघडलं. बराच वेळ लिहीत होते. मग कागद आमच्याकडे फिरवला.

'कथानक अविश्वसनीय. योगायोगाचा अतिरेक. तथापि प्रमुख पात्र समक्ष हजर असल्याने मंजूर. पूर्वीची तेरा दिवसांची रजा विनावेतन करावी. लेखनिकास ताकीद: यापुढे कोणास मारण्यापूर्वी या कार्यालयाची परवानगी घ्यावी.'

मग त्यांनी ड्रॉवरमधून 'मृत नातेवाईक' नोंदवही काढली, खुड्यांचं पान उघडलं आणि गणपतरावांच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हयात.'

"सायेब," गणपतराव म्हणाले, "त्यो कागुद मला मिळंल का?"

साहेबांनी उठून स्वतः चार पिना काढल्या. गणपतरावांनी स्वतःच्या मृत्यूची घडी घातली आणि ती पत्रिकांच्या पिशवीत, पत्रिकांच्या मधोमध ठेवली.

मासिक सभेत शोकठराव मागे घेण्याचा ठराव मांडला गेला. तो सात विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. त्या दोघांना काय हवं होतं ते आजतागायत कळलेलं नाही. वीस तारखेला आम्ही मिरजेला गेलो. साहेब आले होते. हार घालायच्या वेळी गणपतराव थांबले, मागे वळून बघितलं, बाजीदादा आहेत का. होते. डाव्या बाजूला उभे होते. जेवण खानावळीतलंच होतं आणि फार चांगलं होतं.

यानंतर मी बऱ्याच कथा लिहिल्या. आता पोस्टमन बदलला आहे, आणि काही कथा परत येत नाहीत. लिहिताना मी अजून कुणाकडून तरी एक खरी गोष्ट मागून घेतो, आणि शेवटचं वाक्य खोडतो. कधी कधी कथा त्यामुळे सुधारते, कधी कधी नुसतीच आखूड होते.

मात्र एक गोष्ट सांगायची राहिली.

लग्नानंतर नऊ वर्षांनी, डिसेंबरात, बाजीदादा खिडकीत आले. केस पिकले होते. कोरा कागद पुढे सरकवला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि कळलं.

मी लिहिलं: 'माझे वडील गणपतराव खुडे काल वारले. तेरा दिवसांची रजा मिळावी.'

अर्ज घेऊन मीच आत गेलो. शहापूरकर साहेब दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी वाचलं. कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं.

"सायकल?" त्यांनी विचारलं.

"नाही घातली सर."

साहेबांनी मान हलवली. लाल पेन बाजूला ठेवलं, खिशातलं निळं काढलं, आणि लिहिलं, 'मंजूर.' एवढंच. मग सवयीने ड्रॉवरमधून ती नोंदवही काढली. खुड्यांचं पान उघडलं. गणपतरावांचं नाव तिथे होतंच, पुढे साहेबांचंच मोठ्या अक्षरातलं 'हयात' होतं. साहेब पेन धरून त्या शब्दाकडे बघत बसले. नियमाप्रमाणे तो खोडायला हवा होता.

त्यांनी वही मिटली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

"पुढचा अर्ज आणा," ते म्हणाले.